तळमजला एक, सहाशे ग्रॅम

रविवार, १३ डिसेंबर २०१५. सकाळचे साडेसात. बारा घरांचा मिळून ओला कचरा पाच किलो सातशे ग्रॅम. हजर: रमाकांतभाई चुरी, त्यांचा ताणकाटा, वही घेऊन मी, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तोंडात ब्रश धरून उभे असलेले शहाशेठ.

माझ्या हातची ही पहिली नोंद. त्या दिवशी रमाकांतभाईंनी शहाशेठांची बादली काट्याला अडकवली, काटा डोळ्यांसमोर धरला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पहिला मजला, दोन नंबर. सहाशे पन्नास. त्यात चार सीताफळं. शेठ, डॉक्टरांनी चिकू बंद केलाय ना तुमचा? मग सीताफळाला विचारलंत का त्यांना?"

वरून शहाशेठ फेसाळ तोंडाने म्हणाले, "भाई, कचरा तोला. माणसं नका तोलू."

पण रमाकांतभाईंना यातला फरक कळत नव्हता. घराघरातली साल, देठ, बिया पाहून ते घराची हकिगत सांगत. कुणाच्या बादलीत सलग तीन दिवस मोसंबीच्या साली आल्या की ते संध्याकाळी त्या घरी जाऊन ताप उतरला का ते विचारून येत. अख्ख्या पोळ्या आल्या की त्या बाजूला काढून मला हळूच सांगत, "दुसऱ्या मजल्यावर अबोला आहे, वहिनी. दोघंही जेवलेली नाहीत." एकदा माझी बादली उपडी करून म्हणाले, "बटाट्याची साल जाड निघतेय. सुरी बोथट झालीय की ऑफिसात काही झालंय?" ऑफिसातच झालं होतं. वीज कार्यालयात बिलांचं काम करते मी. त्या आठवड्यात एका चुकलेल्या आकड्यावरून मला साहेबांनी बोलून घेतलं होतं, आणि चूक माझी नव्हती.

आमची इमारत मसोलीत, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. मागे चिकूची वाडी. रमाकांतभाई तळमजल्यावर एक नंबरमध्ये राहत, ते आणि त्यांची बायको वसुताई. मूलबाळ नव्हतं. चिकूच्या वखारीत ते बत्तीस वर्षं तोलारी होते. करंडी तोलायची, फळ चाचपायचं, दोन दिवसांत पिकणारं वेगळं, चार दिवसांत पिकणारं वेगळं, आणि लागलेलं बाहेर. २०१४ साली ते निवृत्त झाले. नंतर महिन्याभरातच त्यांनी मागच्या कोपऱ्यात सहा निळे ड्रम आणून ठेवले, त्यांना भोकं पाडली आणि सगळ्या घरांत एकेक बादली वाटली.

"बत्तीस वर्षं फळ सडू नये म्हणून पगार घेतला," ते म्हणत. "आता सडवतो. फुकट."

सडवण्याचे त्यांचे नियम होते. एक थर ओला, एक थर वाडीतल्या सुक्या पाल्याचा. वर मूठभर जुनं खत. त्याला ते विरजण म्हणत. शिजवलेलं अन्न ड्रमात टाकायचं नाही, ते माणसाचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, हवा खेळली पाहिजे. हे ते इतक्या वेळा म्हणत की इमारतीतली मुलं त्यांना पाहिलं की आधीच ओरडायची, "हवा खेळली पाहिजे!" मग रमाकांतभाई बाही वर सारून हात कोपरापर्यंत ड्रमात घालत. पण त्याच्या आधी पालथा हात वरून टेकवत. आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा. "ताप आहे अजून," म्हणत. म्हणजे आत काम चालू आहे. खत तयार झालं की म्हणत, "उतरला."

हे सगळं कशासाठी, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. वह्या लिहायच्या तर मला कारण लागतं.

त्यांनी मला गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगाकडे बोट दाखवलं. इमारतीच्या गच्चीवरून त्याचा धूर दिसे. "तिथे ओल्यावर ओलं टाकतात, वर प्लास्टिक, वर आणखी दहा फूट. खालच्याला श्वास मिळत नाही. श्वास कोंडला की ते वायू सोडतं. तो वायू वर जाऊन गोधडीसारखा पसरतो, आणि खाली आपण उकडून निघतो. डिसेंबरात स्वेटर घालून चिकू तोललेत मी, वहिनी. आता डिसेंबरात पंखा लावतो. मोहर गळतो तो काय उगीच?"

"तुमच्या सहा ड्रमांनी थंडी परत येईल?"

"नाही येणार," ते म्हणाले. "पण ती गोधडी शिवायला आपल्या इमारतीचा दोरा तरी जाणार नाही."

हे मला पटलं. मी हिशेब केला. दिवसाला पावणेसहा किलो धरले तर वर्षाला दोन टनांच्या वर जातं. बारा घरांचं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून आकडे बोलायचे त्यांनी आणि लिहायचे मी असं ठरलं. मी जिन्याच्या पायरीवर बसून लिहायची. बादलीत डोकावायची मला गरज वाटत नसे. माझं काम आकड्याचं.

दरवर्षी मे महिन्यात खताचं वाटप होई. पाच किलो ओल्यामागे एक किलो खत, ज्याने जितकं दिलं त्या प्रमाणात. ग्रॅमपर्यंत. शहाशेठ वर्षभर कुरकुरत, पण वाटपाच्या दिवशी सर्वांत आधी पिशवी घेऊन येत.

वसुताईंना नवऱ्याच्या या उद्योगाचं कौतुक होतं आणि वैतागही. दुधीची साल त्या वरपासून खालपर्यंत एकसलग काढायच्या, रिबिनीसारखी. ती रमाकांतभाई काट्यावरून अलगद उचलून मला दाखवत. मागून वसुताई ओरडत, "साल दाखवताय, भाजी कशी झाली ते सांगा की कुणाला!"

एकदाच त्यांनी ड्रमांत ढवळाढवळ केली. २०१६च्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. वखारीतून रमाकांतभाईंनी लागलेले चिकू आणले, चाळीस किलो, आणि एका ड्रमात ओतले. चिलटं झाली. वसुताई म्हणाल्या, "हवा खेळते ती आमच्या स्वयंपाकघरात. झाकण लावा घट्ट." त्यांनी भोकांना चिंध्या कोंबल्या, झाकणावर पाटा ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला, पाटा खाली आणि झाकण वाडीच्या कुंपणात. वास असा सुटला की रस्त्यावरून जाणारा एक स्कूटरवाला थांबला आणि त्याने भाव विचारला.

चार वाजता हवालदार आले. इथून गुजरातची हद्द जवळ, तिकडे दारूबंदी; त्यामुळे असल्या वासाची खबर फार लवकर पोचते.

"काका, भट्टी कुठाय?"

"भट्टी नाही साहेब," रमाकांतभाई हात जोडून म्हणाले. "चूक आहे. हवा खेळू दिली नाही."

हवालदाराने ड्रममध्ये वाकून पाहिलं, वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. वसुताई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. "साहेब, यांना न्यायचं असेल तर खुशाल न्या. पण ड्रमही बरोबर घेऊन जा. एकटे नाही राहायचे हे."

हवालदार हसले. आम्ही सगळेच हसलो. मला ते वाक्य नंतर फार आठवलं.

ऑगस्ट २०१७ मध्ये वसुताई गेल्या. चार दिवसांचा ताप. पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं, सहाव्या दिवशी संपलं. रमाकांतभाई तेरा दिवस खाली आले नाहीत. ड्रम मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांभाळले. चौदाव्या दिवशी सकाळी साडेसातला ते काटा घेऊन उभे होते. एकेक बादली तोलली. शेवटी स्वतःची. "तळमजला एक," ते म्हणाले. "एकशे नव्वद."

पुढचे दोन महिने असेच गेले. बादल्यांतून हकिगती सांगणं बंद झालं. आकडा सांगायचे, बस. दिवाळीनंतर मात्र तो आकडा चढला. तळमजला एक, सहाशे. सहाशे वीस. पाचशे ऐंशी. मी लिहीत गेले. वाटलं, पाहुणे आले असतील. पण पाहुणे कुणी दिसले नाहीत, आणि आकडा उतरला नाही. वसुताई होत्या तेव्हा सरासरी सहाशे होती. त्या नसतानाही सहाशेच.

मला आकड्याचा संशय आला की झोप लागत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि त्याचा मला अभिमान होता. मी ठरवलं की भाई वजन वाढवून बोलतात. का, तेही ठरवलं. शहाशेठांच्या मुलाने गाडी घेतली होती आणि त्यांना ती ड्रमांच्या कोपऱ्यात लावायची होती. ड्रम टिकायचे तर वर्षाला दोन टनांचा आकडा टिकायला हवा होता. घरातलं एक माणूस कमी झालं तसा तो किंचित खाली येणार होता. भाई ते भरून काढत होते, असं मला वाटलं. आणि मी गप्प राहिले. वर्षभराहून जास्त. पण लिहिताना पेन्सिलीने बाजूला बारीक प्रश्नचिन्ह काढत गेले.

१० फेब्रुवारी २०१९, रविवार. सोसायटीची सभा गच्चीवर. हजर दहा. विषय, ड्रम.

शहाशेठ म्हणाले, "वास येतो, डास होतात, जागा अडते. फायदा काय, ते आकड्यात बोला."

रमाकांतभाई उठले. "वर्षाला दोन टन. पाच वर्षांत दहा. एवढं त्या ढिगावर गेलं नाही. वहीत आहे."

"बेन," शहाशेठ माझ्याकडे वळले. "वही तुमची. हिसाब म्हणजे हिसाब. सगळं खरं?"

मी हो म्हणायला हवं होतं. दोन टनांत त्या चारशे ग्रॅमांनी काय होणार होतं! पण मला अर्धवट खरं बोलता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि म्हणाले, "अकरा घरांचे खरे आहेत. तळमजला एकच्या आकड्याची मला खात्री नाही. दीड वर्ष तिथे एकच माणूस आहे आणि वजन दोघांचं येतंय. माझ्याकडे चार माणसं, तरी माझे सातशे होतात."

रमाकांतभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वहिनींचं बरोबर आहे," ते म्हणाले. "एका माणसाचा एवढा होत नाही."

त्यांनी खिशातून ताणकाटा काढून माझ्या खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरून गेले. ३१ मार्चपर्यंत ड्रम हलवावेत, असा ठराव झाला. तो मीच लिहिला.

दुसऱ्या दिवशी तोललं मी. तळमजला एक, एकशे ऐंशी ग्रॅम. चहाचा चोथा, एका कांद्याची साल, दोन केळ्यांच्या साली. शहाशेठ गॅलरीतून म्हणाले, "पाहिलंत बेन? एका दिवसात उतरला आकडा." माझंच खरं निघालं होतं. पण मला बरं वाटलं नाही.

शुक्रवारी भाजी घ्यायला रस्त्यावर गेले. तिथे लखमी बसते. तलासरीकडची, झरीची. पावसाळ्यात भाताची लावणी आली की गावी जाते, कापणी आटोपून दिवाळीनंतर परत येते. मला पाहून म्हणाली, "बाई, तुमच्या हितला भाई बरा नाय का? पाच दिस झालं, आला नाय. रोज येतो. अर्धा किलो गवार, अर्धा किलो वांगी. दोघांची."

"दोघांची?" मी म्हटलं. "अगं, वसुताई जाऊन दीड वर्ष झालं."

"माला ठावं हाय."

ती भेंड्यांवर पाणी शिंपडत राहिली. मग सांगू लागली. "मी तवा गावाला होती. परत आली तर हा आला, पाव किलो मागायला. मी इचारलं, ताई कुठं? तो बोलला, बहिणीकं गेली, नवसारीला. मी काय बोलू? फुलवालीनं माला सकाळीच सांगितलेलं. मंग आठ दिसांनी पुन्हा पाव किलो मागाय लागला. मी इचारलं, आली का ताई? तर बोलला, आली."

"आणि तू?"

"मी अर्धा किलो तोलली. ताई आली तर अर्धा किलोच लागल ना." लखमीने माझ्याकडे पाहिलं. "मी रोज इचारते, ताई काय करते. तो सांगतो. आज पाय दुखतो, आज देवळात गेली. रानातली शेवळं आणली की मी ताईसाठी एक जुडी देते, तिला लय आवडायची. पैसं नाय घेत. मी इचारणार नाय तर तो तिचं नाव कुणापाशी घेल? तुमी त्याला सांगू नका हां, माला ठावं हाय म्हणून."

मी भाजी न घेताच परत आले. घरून काटा घेतला आणि तळमजल्यावर गेले. दार उघडंच होतं. रमाकांतभाई स्वयंपाकघरात खाली बसले होते. समोर केळी आणि चहाचा कप. कोपऱ्यात भाजीची टोपली, रिकामी.

"वहिनी, बसा," ते म्हणाले. "तपासायला आलात?"

"काटा परत द्यायला आले. माझं चुकलं."

"नाही. तुमचं गणित बरोबर होतं." मग त्यांनी स्वतःच सांगितलं, लखमीला काय खोटं बोलले ते. लहान मुलाने कबूल करावं तसं, माझ्याकडे न बघता. "एकदा म्हणालो आली, मग पाव किलो कशी मागू? पावसाळ्यात ती गावी गेली तरी बाजारातून अर्धा किलोच आणत राहिलो. अर्धी शिजवतो. उरलेली अर्धी टोपलीत राहते. सुकली की बादलीत टाकतो. शिजवून कशी टाकू, तो माझाच नियम. कुणाला द्यायची तर उरली कशी ते सांगावं लागतं. शेवळं तर मला साफही करता येत नाहीत, हाताला खाज सुटते. तीही तशीच टाकली." त्यांनी केळं सोलायला घेतलं आणि ठेवून दिलं. "दुधीची साल मी सलग काढायला बघतो. नाही निघत. पाच तुकडे होतात. तुम्ही बादलीत पाहिलं असतंत तर कळलं असतं तुम्हाला."

मी पाहिलं नव्हतं.

"आता जात का नाही लखमीकडे?"

"जाऊन काय मागू? वजन उतरवायचं तर पाव किलो मागावी लागेल. पाव मागितली की ती विचारणार." ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "हा हात लावून मी करंडीतला चिकू कधी पिकेल ते सांगायचो. ड्रमाचा ताप सांगतो. वसूच्या कपाळालाही हाच लावला होता. म्हणालो, उतरेल."

मी काटा त्यांच्यासमोर ठेवला. "उद्यापासून अर्धा किलोच आणा," मी म्हटलं. "सहाशे भरले तर मी सहाशे लिहीन."

"आणि प्रश्नचिन्ह?"

मोतीबिंदू असूनही पेन्सिलीची ती चिन्हं त्यांना दिसली होती. सव्वा वर्ष दिसत होती.

"खोडलीत," मी म्हटलं. तेव्हा खोडली नव्हती. वर जाऊन एकेक खोडली. रबराने पान दोन ठिकाणी फाटलं.

मार्चमध्ये मी पुन्हा गच्चीवर सभा बोलावली. सांगितलं की तळमजला एकची वजनं पूर्ण खरी होती, शंका माझी चुकीची होती, आणि कारण मी सांगणार नाही.

"कारण नाही?" शहाशेठ म्हणाले. "बेन, तुम्ही? बिनकारणाचा हिसाब?"

"हो. पहिल्यांदाच."

ते उठून कठड्याशी गेले. तिथून खाली मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे रमाकांतभाई सुका पाला वेचत होते. "गाडी बाहेर लावू," ते म्हणाले. "चिकूच्या सावलीत. पण भाई, सीताफळाचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही." खालून रमाकांतभाईंनी हात वर केला.

मे महिन्यात वाटप झालं. तळमजला एकचं वर्षाचं वजन दोनशे दहा किलो. खताचा वाटा बेचाळीस. रमाकांतभाईंनी पालथा हात गोणीवर टेकवला, "उतरला" म्हणाले, आणि बेचाळीसचे दोन समान भाग करायला सांगितले. एक भाग त्यांनी वसुताईंच्या मोगऱ्याला घातला. दुसरी गोणी सायकलच्या कॅरियरला बांधली. मी बरोबर चालले, गोणी धरून.

लखमी भाजी आवरत होती.

"ताईनं पाठवलंय," रमाकांतभाई म्हणाले. "तुझ्या शेवळांबद्दल. गावाला वांग्यांना घाल."

लखमीने गोणीचं तोंड सोडलं, मूठभर खत हातात घेऊन वास घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"ताईला सांग," ती म्हणाली, "मिळालं."

घरी येऊन मी वही उघडली. या वहीत मी कधी खोटी नोंद केलेली नाही, आणि हीही खोटी नाही. वसुधा रमाकांत चुरी यांचा वाटा, एकवीस किलो. दिला लखमीला, राहणार झरी.